आरशातले ठोके

मार्च लागला की आमच्या चाळीचा आवाज खाली येतो. गॅलरीत कुणी दहावीचं असतं, कुणी बारावीचं, त्यामुळे भांडणंसुद्धा दबक्या सुरात होतात. जिन्याखाली सतरंजी टाकून पोरं डोलत डोलत पाठांतर करतात. नेमक्या याच दिवसांत लालबागच्या मसाल्याच्या दुकानांपुढे रांगा लागतात, मिरच्या भाजल्या जातात, डंखाच्या, म्हणजे कुटायच्या यंत्राच्या, तालावर कुटल्या जातात आणि तो खकाणा वाऱ्यावर आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो. माझी सगळी महत्त्वाची उत्तरं मी खोकत खोकत पाठ केलेली आहेत.

मी शेवटची परीक्षा दिली त्याला आता सहा वर्षं झाली. तरी दर मार्चमध्ये उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं. तीन तास पेन धरल्यावर दुखायचं तसंच. डॉक्टरला सांगितलं तर तो हसेल, म्हणून सांगत नाही.

परीक्षा संपत आल्या की चौकात हनुमान जयंतीच्या डबलबारीचा फलक लागतो. आमच्याकडची कोकणातली माणसं या एका रात्रीसाठी वर्षभर जगतात. दोन बुवा, दोन भजनी मंडळं, समोरासमोर बैठक, आणि भजनातूनच एकमेकांची उणीदुणी काढायची. आमच्या चाळीच्या मंडळात माझे बाबा बत्तीस वर्षं पखवाज वाजवत होते. आता ते वाजवत नाहीत. खाली पहिला गजर सुरू झाला की ते उठतात, खिडकी ओढून घेतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात. त्यांचा हात नीट आहे. कांदा तर असा बारीक चिरतात की आई त्यांनाच चिरायला सांगते. पण सहा वर्षांत त्यांनी पखवाजाला बोट लावलेलं नाही, आणि ते माझ्यामुळे.

त्या वर्षी मी कॉलेजच्या शेवटच्या परीक्षेला बसले होते आणि अभ्यासापेक्षा जास्त वेळ एका खेळात घालवत होते. खेळ दिसायला साधा. टॅबच्या पडद्यावर चार उभ्या रेघा. गाणं सुरू झालं की वरून ठिपके खाली सरकत येतात. ठिपका तळाच्या पट्टीवर पोचला की नेमक्या त्या क्षणी त्याच्यावर बोट मारायचं. लवकर मारलं तरी चूक, उशिरा मारलं तरी चूक. डाव्या दोन रेघा डाव्या हाताच्या, उजव्या दोन उजव्या हाताच्या. शेवटी गुण येतात, आणि ते बघितल्यावर माणूस पुन्हा तेच गाणं लावतो.

या खेळाचं वेड मला ग्लेंडाने लावलं. ती माझगावची, माझ्याच वर्गातली. रविवारी चर्चमध्ये कीबोर्ड वाजवायची आणि उरलेले सहा दिवस माझी टिंगल करायची. एक अवघड गाणं मी महिनाभर घोटून घोटून बिनचूक केलं आणि तिला मोठ्या ऐटीत खेळून दाखवलं. तिने शांतपणे बघितलं आणि म्हणाली, "तू वाजवत नाहीयेस यार. तू पाठ केलंयस. आरसा लाव, मग कळेल."

आरसा म्हणजे सेटिंगमधला एक पर्याय. तो लावला की गाणं तेच राहतं, ठोके तितकेच, वेळही तीच. फक्त डावीकडचं सगळं उजवीकडे पडतं आणि उजवीकडचं डावीकडे. मी लावला, आणि माझ्या बिनचूक गाण्याच्या चिंधड्या झाल्या. ग्लेंडा पोट धरून हसत होती. मग तिने नीट समजावलं. माणूस एकच गाणं सारखं खेळतो तेव्हा कान बंद होतात आणि हाताला खोड लागते. चुकीची असली तरी ती खोडच गाणं खेळते. आरशाने ती मोडते. शिवाय ज्या हाताने आजवर अंग चोरलेलं असतं, त्याच्यावर सगळं काम येऊन पडतं. आठवडा दोन आठवडे उलटं खेळायचं, शिव्या खायच्या, आणि मग परत सुलट लावायचं. पूर्वी अडणारी जागा तेव्हा आपोआप निघून जाते.

यात एक गोम आहे. उलटं खेळत असताना आपण सुधारतोय हे खेळणाऱ्याला अजिबात दिसत नाही. त्याला फक्त आपण रोज हरतोय एवढंच दिसतं. सुधारणा कळते ती सुलट लावल्यावर. मधले दिवस नुसत्या विश्वासावर काढायचे असतात, आणि विश्वास ठेवायला आधी आरसा लावलाय हे माहीत असावं लागतं.

माझा उजवा हात अंगचोर होता याचं नवल नाही. मी मूळची डावखुरी. लहानपणी जेवताना आणि अभ्यासाला बसताना बाबा माझा डावा हात त्यांच्या रुमालाने फ्रॉकच्या पट्ट्याला बांधायचे. गाठ सैल असायची, मला दुखू नये म्हणून. देवाला डाव्या हाताने फूल वाहणार का, लोकांच्या पंगतीत डाव्या हाताने जेवणार का, असं ते मायेने विचारायचे आणि बांधायचे. एवढ्या मायेने केलेल्या गोष्टीचा राग करायची सोय नसते. एकदा मी त्यांचा पखवाज मांडीपुढे घेतला, तर साहजिकच उलटा घेतला. पखवाजाला एका तोंडाला शाई असते, दुसऱ्याला ओली कणीक थापतात, आणि नाजूक, वेगाचं काम शाईच्या बाजूला उजव्या हाताने करायचं असतं. मी शाई डावीकडे ठेवली. बाबांनी पखवाज हलकेच फिरवून सरळ केला. मी परत फिरवला. त्यांनी तो उचलून गवसणीत घातला आणि वर ठेवून दिला. डावखुरे लोक पखवाज उलटा घेऊन वाजवतात हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. बाबांना ते तेव्हाही माहीत होतं.

तर मी उजव्या हाताने लिहायला शिकले, आणि हळू लिहायला शिकले. प्रत्येक पेपरात शेवटचा प्रश्न कोरा राहायचा. उत्तर येत असायचं, हात पोचायचा नाही.

त्या परीक्षेआधीच्या दिवाळीनंतर बाबांना झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. बोलणं वाचलं. पाय महिना दीड महिन्यात जागेवर आला. हात मात्र येईना. स्पंजचा चेंडू दाबा, वाटाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाका, असं करायला सांगितलं होतं. ते दोन दिवस करायचे आणि तिसऱ्या दिवशी वाटाण्यांकडे पाठ करून बसायचे. आमच्या मंडळाचे बुवा आठवड्याला येऊन जायचे. चांगला माणूस, पण त्यांच्या डोक्यात डबलबारी. शेवटी त्यांनी बाबांचा हात हातात घेऊन सांगितलं की गुढीपाडव्यापर्यंत थांबतो, पुढे तालमीला माणूस लागेल, तोवर माझा भाचा धकवेल. बाबांनी मान डोलावली. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. पाडव्यापर्यंत हात आला तर पखवाज त्यांचा. नाही आला तर त्यांच्या जागी भाचा बसणार, आणि त्या जागेवर बसलेला तिशीतला माणूस पुढची तीस वर्षं उठत नाही.

टॅब त्यांच्यापुढे ठेवायची कल्पना माझी. त्यांना आधी लाज वाटली, मग गोडी लागली. तालाचा माणूस तो, ठिपक्यांकडे न बघता नुसतं ऐकून बोट मारायचा. त्यांच्या आवडीचं जे गाणं होतं त्यात गर्दीचे ठोके सगळे डावीकडे होते आणि उजवीकडे अधूनमधून एखादा. त्यामुळे धडधाकट डावा हात भराभर गुण मिळवायचा आणि उजवा नुसता शेजारी बसून राहायचा. पंधरा दिवसांत बाबा त्या गाण्यात इतके पटाईत झाले की गॅलरीतल्या लोकांना बोलावून दाखवायला लागले. आई म्हणाली, हात आला बघ. आलेला हात डावा होता, आणि तो कुठे गेलाच नव्हता.

एका गुरुवारी मी पेपर देऊन दादरहून आले. शेवटचे दोन प्रश्न कोरे ठेवून आले होते. बाबा टॅब घेऊन माझीच वाट बघत होते. "आज एकय चूक नाय गो," म्हणाले. मी दप्तर ठेवलं, टॅब घेतला, दोन वेळा बोट टेकवलं आणि परत दिला. आरसा लावला होता. सांगितलं नाही.

ते हरले. चक्क कोसळलेच. सगळी गर्दी उजवीकडे आली आणि तो हात तिथे नुसताच लुळ्या भेंडीसारखा पडलेला. त्यांनी पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

"गाणा बदललंस काय गो?"

"नाही बाबा. तेच आहे."

यात खोटं काहीच नव्हतं. गाणं तेच होतं. गेली सहा वर्षं मी या एका वाक्याच्या आडोशाला उभी राहून बघितलंय, तिथे सावली मिळत नाही.

स्वतःला सांगायला माझ्याकडे कारण होतं आणि ते चांगलं होतं. सांगितलं असतं तर ते डाव्या हाताने पलीकडे जाऊन मारायला लागले असते. वाटाण्यांच्या वेळी तेच करत होते. न सांगता उजव्यावर भार टाकला तरच तो जागा होणार होता. आणि तो होत होता. पहिल्या आठवड्यात बोट उचलायला लागलं. दुसऱ्या आठवड्यात दोन बोटं वेगवेगळी चालायला लागली. मी चुकांचा आकडा रोज बघत होते, तो उतरत होता. बाबा मात्र आपली तुलना त्या बिनचूक दिवसाशी करत होते. त्यांच्या हिशोबी ते एका गुरुवारी अचानक घसरले होते आणि पुन्हा वर येत नव्हते.

मी शेजारी वही घेऊन बसायची आणि मोठ्याने सांगायची. चुकलं. उशीर. चुकलं. चुकलं. लक्ष कुठाय बाबा? आई आतून म्हणायची, मास्तरीण झाली का तू त्यांची? त्या तासाभरात माझा अभ्यास फार छान व्हायचा.

मग एका दुपारी ते पलंगावर बसून पुटपुटताना दिसले. लालबागच्या मार्केटपासून हिंदमातापर्यंतची दुकानं ओळीने आठवत होते, एका बाजूची जाताना आणि दुसऱ्या बाजूची येताना. परळच्या पुढे एका ठिकाणी अडले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडले. तिथलं रांगोळीचं दुकान वर्षापूर्वी बंद होऊन मोबाईलचं झालं होतं. चूक त्यांची नव्हती, दुकानाची होती. हे सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी पान उलटलं.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या पडद्याआड ते आईला हळू आवाजात सांगत होते की झटक्याने हात गेला नाही, डोकं गेलंय. "माका डावा-उजवा कळणा नाय. कालपर्यंत डावीकडे होता ता आज उजवीकडे दिसता. कोणाक सांगा नको." आई रडली नाही. तिने दुसऱ्या दिवशी देवळातून काळा दोरा आणला आणि त्यांच्या उजव्या मनगटाला बांधला, म्हणजे उजवा कुठला ते बघून कळेल. त्यानंतर ते खेळायला बसले की आधी दोऱ्याकडे बघायचे, मग पडद्याकडे, मग परत दोऱ्याकडे. तेवढ्यात चार ठिपके निघून जायचे. मी म्हणायची, उशीर.

ग्लेंडा एकदा नोट्स न्यायला आली. बाबा खेळत होते. तिने पडद्याच्या कोपऱ्यातली आरशाची छोटी खूण बघितली, बाबांचा चेहरा बघितला आणि मला हाताला धरून गॅलरीत नेलं.

"त्यांना माहितीये?"

"नाही. हात सुधारतोय गं. आकडे बघ पाहिजे तर."

"मी हाताचं नाही बोलत. सांग त्यांना. आजच्या आज."

मी तिला माझा बेत सांगितला. पाडव्याला सकाळी गुढी उभारली की आरसा काढणार. गाणं सुलट होणार, दोन्ही हात धावणार, बाबा एकही चूक न करता खेळणार, आणि मग मी सगळं सांगणार. केवढा आनंद होईल त्यांना. ग्लेंडा म्हणाली, "आनंद तुला होणारे." नोट्स न घेताच गेली.

तिचं बरोबर होतं. आजही मी रोज आरसा लावून खेळते. पण आपला दुबळा हात उघडा पडलेला आपण स्वतः बघणं वेगळं, आणि दुसऱ्याचा बघत बसणं वेगळं. मला ते बघायला आवडत होतं. सरळ सांगायचं तर जिभेवर चव रेंगाळावी तसं आवडत होतं. ज्या माणसाने मला हाताला धरून उलटी केली, तो आता माझ्यासमोर उलटा होऊन धडपडत होता. शिवाय यात त्याचं भलंच होत होतं. दुष्टपणा करून वर पुण्य मिळायची संधी रोज येत नाही.

माझा शेवटचा पेपर पाडव्याच्या दोन दिवस आधी होता. तो मात्र पूर्ण लिहून झाला, कसा कोण जाणे. दादरला फुलबाजारातून झेंडू घेतला, साखरेच्या गाठी घेतल्या, आणि उड्या मारत जिना चढायला लागले. दुसऱ्या मजल्यावर बुवा आणि त्यांचा भाचा खाली येताना भेटले. भाच्याच्या खांद्यावर पखवाज होता. गवसणी बाबांचीच, मी शिवलेल्या ठिगळाची. मी भिंतीला टेकून वाट दिली. बुवा थांबले, डोळे पुसले, म्हणाले की तुझ्या वडिलांसारखा पखवाजी होणे नाही, त्यांनी स्वतःच बोलावून दिला, मी मागितला नव्हता. भाचा नुसता पाया पडल्यासारखा वाकला. मंडळात दिलेला शब्द मागे घेत नाहीत. तोंडाने दिलेला नाही, आणि हाताने दिलेला तर नाहीच.

बाबा पलंगावर बसले होते. समोरच्या कोनाड्यात पखवाजाएवढी मोकळी जागा. मी फुलांची पिशवी खाली ठेवली आणि का दिलात म्हणून विचारलं. ते अगदी शांत होते.

"हात येयत आज ना उद्या. पण डोक्यात काय रवणा नाय. भर डबलबारीत बुवाक तोंडघशी पाडूचा नाय माका."

मग मी सांगितलं. टॅब उघडला, कोपऱ्यातली खूण दाखवली, आरसा काढला आणि गाणं लावलं. ठिपके त्यांच्या ओळखीच्या बाजूने पडायला लागले. मी सुरुवातीपासूनचे आकडे दाखवले, उजव्या हाताच्या चुका किती होत्या आणि किती राहिल्या ते दाखवलं. तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही, म्हणाले. तुम्ही तीन आठवडे उलटं खेळत होतात, आणि चांगलं खेळत होतात. बाबांनी बोट उचललं नाही. संपूर्ण गाणं संपेपर्यंत ते नुसते बघत राहिले.

"माका भय वाटत होता. ता तुका दिसत होता?"

"हो."

"मगे?"

खोटं बोलायला पुष्कळ जागा होती. हाताच्या भल्यासाठी केलं, असं म्हणता आलं असतं, आणि त्यांनी ते मानलंही असतं.

"मला बरं वाटत होतं," मी म्हणाले.

बाबांनी मला आयुष्यात कधी मारलं नव्हतं. त्या दिवशी मारलं. चार बोटं आणि तळवा एकाच वेळी माझ्या डाव्या गालावर बसला. दिवाळीपासून त्या हातातून इतका स्वच्छ आवाज निघाला नव्हता. दोरा बांधलेला हात हवेत तसाच राहिला, आणि आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

आई पिठाच्या हातांनी पडद्याआडून बाहेर आली. "काय पडला?" तिने विचारलं.

"काय नाय," बाबा म्हणाले. "हात बरो झालो."

आईने एकदा त्यांच्या हाताकडे बघितलं. मग ती घाईघाईने आत गेली आणि तिने देवापुढे साखर ठेवली.